अकरा दिवसांचं शिबिर

वसुंधराचं जेवण कमी झालं तेव्हा मारोतरावांना वाटलं, दाढ दुखत असेल. मग ती दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडू लागली, तेव्हा वाटलं, अंगात रक्त कमी असेल. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक निघालं आणि मारोतराव पहिल्यांदा घाबरले. छत्तीस वर्षं त्यांनी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली होती. मोटर बंद पडली म्हणजे फॉल्ट कुठेतरी असतोच, फक्त शोधणाऱ्याला धीर पाहिजे, असं ते नव्याने लागलेल्या पोरांना सांगत. इथे सगळी रीडिंगं बरोबर होती आणि बायको दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

रिटायर होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. प्लांटच्या वसाहतीतलं सेक्टर सातचं क्वार्टर सोडून ते शेजारच्या दुर्गला पद्मनाभपुरात स्वतःच्या घरी राहायला आले होते. घर चांगलं होतं, टाइल्स, मॉड्युलर किचन, वर सोलरचं गरम पाणी. सेक्टरात वसुंधरा उन्हाळ्यात शेजारच्या चार बायका जमवून कुरडया घालायची, रस्त्यापर्यंत तिचा आवाज जायचा. इथे आल्यावर तिने एकदाच कुरडया घातल्या, एकटीनेच, आणि पुढच्या वर्षी विषयच काढला नाही. मारोतरावांनीही विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी ती कणीक मळता मळता थांबली. मारोतराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, तर ती परातीत दोन्ही हात ठेवून तशीच उभी.

"अवं, काय झालं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "आता पुढं काय करतात, ते आठवून नाही राहिलं मले," ती म्हणाली आणि कणकेचे हात तसेच घेऊन खाली फरशीवर बसली.

त्याच दिवशी मुलगी प्रांजली रायपूरहून आली. ती तिथे एका बँकेत होती, नवरा दौऱ्याच्या नोकरीत. तिने दोन तासांत मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मारोतरावांना 'मानसोपचार' हा शब्द घशाखाली उतरत नव्हता, पण ते गेले. डॉक्टर शांत माणूस होता. डिप्रेशन आहे म्हणाला, गोळ्या लिहून दिल्या, गुण यायला महिना-दीड महिना लागेल, मधेच सोडायच्या नाहीत असं बजावलं, आणि सोबत समुपदेशनासाठी समीक्षा नावाच्या बाईंकडे जायला सांगितलं.

समीक्षाचं केंद्र बोरसीच्या रस्त्यावर, एका फिजिओथेरपीच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. ती चाळिशीची, भिलाईतच वाढलेली. मराठी बोलता बोलता हिंदीत जायची. खोलीत टेबल नव्हतं, तीन खुर्च्या आणि एक चटई होती.

"गोळ्या त्यांचं काम करतील," ती म्हणाली, "पण काकू म्हणजे फक्त मेंदू नाही ना. झोप, खाणं, ऊन, चालणं, श्वास, माणसं, हाताला आवडतं काम, सगळ्याकडे हळूहळू बघू. जबरदस्ती काहीच नाही. काकू, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? कशापासून सुरू करू या?"

वसुंधरा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"चालण्यापासून करू," मारोतराव म्हणाले. "मी रोज नेतो तिले."

"काका, त्यांना बोलू द्या."

"नाही, ती आता बोलतच नाही ना मॅडम. म्हणून तर आलो."

समीक्षा थांबली. पूर्ण पाच मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मारोतरावांना ती पाच मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटली.

घरी येताच त्यांनी पुठ्ठ्यावर तक्ता आखला आणि फ्रिजवर लावला. साडेपाचला उठणे. पावणेसहा ते साडेसहा चालणे. दीर्घ श्वास, वीस वेळा. मोड आलेले मूग. नऊ वाजता अंगणात ऊन. अकराला भाजी निवडणे, कारण हाताला काम पाहिजे. संध्याकाळी प्रांजलीला फोन, कारण माणसं पाहिजेत. झालेल्या कामापुढे हिरव्या पेनाने खूण, राहिलेल्यापुढे लाल. त्यांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. आता काम हातात आलं होतं.

वसुंधरा सांगितलं ते सगळं करायची. चल म्हटलं की चालायची, बस म्हटलं की उन्हात बसायची, श्वास घे म्हटलं की घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती जेवताना म्हणाली, "वरणात मीठ जास्त झालं." मारोतरावांनी अंगणात जाऊन प्रांजलीला फोन लावला आणि तेच वाक्य तिला दोनदा सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच भिंतीकडे तोंड. गोळ्यांनी तिचं तोंड कोरडं पडायचं, दिवसा डोळे मिटायचे. कप उचलताना हात थरथरायचा आणि ती थरथर मारोतरावांना बघवत नसे.

समीक्षाला त्यांनी तक्ता दाखवला. तिने तो नीट पाहिला.

"काका, मेहनत खूप घेतली तुम्ही. पण यात काकूंनी स्वतः ठरवलेलं काय आहे?"

"ती ठरवण्याच्या परिस्थितीत नाही ना."

"मग थोडा रिकामा ठेवा. एक तास. त्यात त्यांना काही नसेल करायचं तर नाही करणार."

मारोतरावांनी मान हलवली, पण घरी गेल्यावर त्यांनी तास रिकामा ठेवला नाही. रिकाम्या तासात ती भिंतीकडे पाहणार आणि आपण तिच्याकडे, हे त्यांना माहीत होतं.

मार्चच्या शेवटी त्यांचे जुने सोबती श्यामराव घरी आले. वसुंधराला पाहून ते चपापले. बाहेर पडताना फाटकाशी म्हणाले, "मारोतराव, गोळ्या खाऊन माणूस असाच होते. माहा साळा झाला होता. कुम्हारीले एक केंद्र आहे, हायवेपासून आत. अकरा दिवसांचं शिबिर असते. औषध-बिवषध काही नाही. होलिस्टिक म्हणतात त्याले. साळा आता मोटारसायकल चालवते."

मारोतराव एकटेच जाऊन पाहून आले. केंद्र स्वच्छ होतं. कडुनिंबाची झाडं, मातीच्या लेपाची जागा, मोठा हॉल. चालवणारे भूपेंद्रजी पांढऱ्या कुडत्यातले, आवाज मऊ. ते म्हणाले, "शरीर, मन और आत्मा, तीनों को साथ में देखना पड़ता है। नींद, भोजन, धूप, श्वास।" मारोतरावांना हायसं वाटलं. हे तर समीक्षा मॅडम म्हणतात तेच. फक्त मॅडम हळूहळू म्हणत होत्या आणि हे अकरा दिवस म्हणत होते.

"गोलियाँ यहाँ नहीं चलेंगी," भूपेंद्रजी म्हणाले. "गोली बीमारी को दबाती है। हम निकालते हैं।"

मारोतराव दोन दिवस विचार करत राहिले. प्रांजलीला सांगितलं नाही, ती वकिलासारखे प्रश्न विचारेल. समीक्षालाही सांगितलं नाही. डॉक्टरांचा फोन नंबर मोबाइलमध्ये होता, तो त्यांनी एकदा काढला आणि पुन्हा ठेवून दिला.

निघायच्या सकाळी बॅग भरून झाली तेव्हा वसुंधरा पलंगाच्या कडेला बसली होती.

"मले नाही जायचं," ती म्हणाली.

आवाज लहान होता, पण शब्द स्पष्ट होते. तिने स्वतःहून काही नको म्हणण्याची ती कित्येक आठवड्यांतली पहिलीच वेळ होती.

"अवं, अकराच दिवस तर आहेत. मी आहो ना सोबत."

"मले नाही जायचं, अहो."

"तुह्यासाठीच करून राहिलो ना वसु? माह्यासाठी का?" त्यांनी तिच्या पायात चपला सरकवल्या. ती उठली. दारापर्यंत गेली, गाडीत बसली. तिने पुन्हा काही म्हटलं नाही आणि मारोतरावांनी ते संमतीत धरलं.

पहिले चार दिवस खरंच बरे गेले. गोळ्यांची गुंगी उतरली, तिचे डोळे उघडे राहू लागले. सकाळी हॉलमध्ये हसण्याचा वर्ग असायचा. पन्नास माणसं हात वर करून हा-हा-हा करायची. वसुंधरा शेवटच्या रांगेत उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तिचं तोंड उघडलेलं मारोतरावांनी पाहिलं. आवाज येत नव्हता, पण दात दिसत होते. त्यांनी प्रांजलीला फोन केला. "आई हसली," ते म्हणाले. कुठून बोलतो ते सांगितलं नाही. प्रांजली रडली.

सहाव्या दिवसापासून वसुंधरा बसेना. जेवणाच्या पंगतीतून उठायची, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, परत यायची. झोप पार उडाली. डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं म्हणाली. मारोतरावांनी भूपेंद्रजींना गाठलं.

"अच्छा लक्षण है," भूपेंद्रजी म्हणाले. "विष बाहर आ रहा है। घबराइए मत, टोकिए भी मत।"

मारोतरावांनी स्वतःला तसंच समजावलं. बॅगेच्या आतल्या कप्प्यात गोळ्यांची पाकिटं होती. आठव्या दिवशी पहाटे त्यांनी ती काढून हातात धरली, त्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायचा प्रयत्न केला. आता एकदम दिली तर? नाही दिली तर? कोणाला विचारायचं म्हटलं तर आधी सांगावं लागणार होतं, आपण काय केलं ते. त्यांनी पाकिटं परत ठेवली.

त्याच सकाळी हसण्याच्या वर्गानंतर वसुंधरा दिसली नाही.

आधी त्यांनी बाथरूम पाहिलं, मग मातीच्या लेपाची जागा, मग गच्ची. गच्चीचा जिना ते दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. वर कोणी नव्हतं. खाली कोणी नव्हतं. विहीर होती, तिला जाळी होती. जाळीला कुलूप होतं, तरी त्यांनी वाकून पाहिलं. फाटकावरच्या माणसाने सांगितलं, अम्मा तर मघाशीच बाहेर गेल्या, मला वाटलं तुम्ही पुढे गेलात.

हायवेवर एप्रिलचं ऊन होतं. रायपूरकडे जाणारे ट्रक, दुर्गकडे जाणारे ट्रक. एक बाई, साठीची, निळी साडी, पायात बहुतेक चप्पल नाही, असं ते प्रत्येक पानठेल्यावर विचारत सुटले. कोणी म्हणालं इकडे गेली, कोणी म्हणालं पाहिली नाही. शेवटी त्यांनी प्रांजलीला फोन लावला.

"बाबा, कुम्हारीला? तुम्ही कुम्हारीला काय करताय?"

त्यांनी सांगितलं. शिबिर, आठ दिवस, गोळ्या.

"कोणाला विचारून बंद केल्या बाबा?" एवढंच ती म्हणाली आणि मग, "मी निघते. तुम्ही पोलीस चौकीत जा."

चौकीत ते बाकावर बसले होते. समोरच्या हवालदाराने फोटो मागितला. मोबाइलमध्ये वसुंधराचा एकटीचा फोटो सापडेना. सगळ्या फोटोंत ती ताट घेऊन कोणाच्या तरी मागे उभी होती. शेवटी प्रांजलीच्या लग्नातला एक मिळाला, त्यात ती अर्धीच आली होती.

दीड वाजता एका अनोळखी नंबरवरून फोन आला. वंदना नावाची बाई होती, सेक्टर सातमधून बोलत होती. "अंकल, एक आंटी हमारे क्वार्टर की सीढ़ी पर बैठी हैं। बोल रही हैं कि मेरा घर है। आपका नंबर जुबानी बताया।"

चौकीतल्या शिपायाने त्यांना मोटारसायकलवर नेलं. प्रांजली रस्त्यातच होती. वसुंधरा जुन्या क्वार्टरच्या पायरीवर बसली होती. तळपायांना फोड आले होते. वंदनाने तिचे पाय धुऊन ओलं फडकं गुंडाळलं होतं. बसवाल्याने तिला तिकिटाशिवाय येऊ दिलं होतं, पॉवर हाऊसच्या बसथांब्यापासून ती चालत आली होती. मारोतरावांना पाहून ती थोडी मागे सरकली. त्यांच्यासाठी जागा करण्यासाठी नव्हे, भिंतीला लागण्यासाठी.

"वसु," ते म्हणाले.

"मले तिकडं नका नेऊ," ती म्हणाली. "मी एका जागी बसून राहीन. नका नेऊ."

मारोतराव तिथेच खाली अंगणात बसले. वंदना दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली आणि मग आत जाऊन आणखी एक ग्लास पाणी घेऊन आली.

वसुंधराला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तारखा विचारल्या, कोणत्या दिवशी शेवटची गोळी, कोणत्या दिवसापासून झोप नाही, आणि लिहून घेतलं. "एकदम बंद करायच्या नसतात," ते म्हणाले. "आता पुन्हा पहिल्यापासून. यावेळी वेळ जास्त लागेल. किती, ते मी सांगू शकत नाही."

तिसऱ्या दिवशी मारोतराव बोरसीला समीक्षाकडे गेले. एकटेच. खुर्चीवर न बसता उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही झोपता का काका?" तिने विचारलं.

"माहं सोडा ना मॅडम. तिले कसं दुरुस्त करायचं ते सांगा. मी करतो. तुमी म्हणाल ते करतो. ते म्हणत होते तेच शब्द तुमी म्हणत होत्या, झोप, ऊन, श्वास. मले फरक कसा समजन?"

समीक्षाने खिडकीबाहेर पाहिलं. "शब्द तेच आहेत, खरं आहे. मला पण वाईट वाटतं की मी तुम्हाला पहिल्या दिवशी नीट सांगितलं नाही. आम्ही गोळ्यांच्या जोडीला हे करतो, गोळ्यांच्या जागी नाही. आणि माणसाला विचारून करतो. काकूंनी नाही म्हटलं होतं का?"

मारोतराव खुर्चीवर बसले.

"दोनदा," ते म्हणाले.

खालच्या दवाखान्यात कोणाला तरी व्यायाम करवत होते, एक-दोन-तीन मोजणं वर ऐकू येत होतं.

"मंग आता मी काय करू?"

"आज काहीच नाही. त्यांच्याजवळ जा. त्या म्हणतील तसं वागा."

संध्याकाळी भेटीच्या वेळेला ते वॉर्डात गेले. प्रांजली आईचे केस विंचरत होती. मारोतराव पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. त्यांनी तयार केलेलं एक वाक्य होतं, ते दवाखान्याच्या पायऱ्यांवर चार वेळा घोकलं होतं. "तू नाही म्हणत होती. मी ऐकलं नाही. चूक झाली माही."

वसुंधराने ऐकलं की नाही ते कळलं नाही. कंगवा फिरत राहिला.

"उद्या काय आणू तुले? संत्री आणू? घरची उशी आणू?"

"येऊ नका," ती म्हणाली.

प्रांजलीचा हात थांबला. तिने वडिलांकडे पाहिलं आणि कुम्हारीनंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

मारोतरावांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. म्हणजे गेले, पण आवारातल्या पिंपळाखालच्या बाकावर बसले, वॉर्डात शिरले नाहीत. चार ते सहा. पुढचे दिवसही तेच. छत्तीस वर्षांच्या नोकरीत ते असे हात मांडीवर ठेवून कधी बसले नव्हते. दोन तास म्हणजे किती लांब असतात ते त्यांना त्या आठवड्यात कळलं. प्रांजली जाता जाता सांगायची, आज अर्धी पोळी खाल्ली, आज नाही खाल्ली, आज रडली. रडली हे चांगलं की वाईट, तेही मारोतरावांना कळायचं नाही आणि विचारायचं धाडस व्हायचं नाही.

अठराव्या दिवशी तिला सोडलं. कुठे जायचं, समीक्षाने तिला विचारलं. वसुंधरा म्हणाली, प्रांजलीकडे. मारोतरावांनी बॅग गाडीत ठेवली, दार लावलं आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

त्यानंतर ते दर रविवारी रायपूरला जाऊ लागले. जायच्या आधी प्रांजलीला फोन करून विचारायचे, येऊ का, तिले विचार. दोनदा 'नको' आलं. त्या रविवारी ते घरीच बसले. पुढे बऱ्याचदा 'या' येऊ लागलं. गेल्यावरही वसुंधरा फार बोलत नसे. समोर चहा आला की प्यायची, टीव्ही चालू असला तर त्याच्याकडे पाहायची. बरी आहे की नाही, त्यांना काही सांगता यायचं नाही. एखाद्या रविवारी डोळ्यांत थोडं तेज दिसायचं, पुढच्या रविवारी पुन्हा तीच मातीसारखी नजर. डॉक्टर म्हणत, असंच वर-खाली होत राहील.

जुलैतल्या एका रविवारी ते पोहोचले तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. समीक्षासोबत मोबाइलवर तिचं सत्र चालू होतं. प्रांजलीने बोटाने गप्प राहायची खूण केली आणि ती भाजी आणायला खाली गेली. मारोतराव बाहेरच्या सोफ्यावर बसले.

आतून वसुंधराचा आवाज येत होता. ती बोलत होती. एक-दोन शब्द नव्हे, सलग बोलत होती. मधे थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, एकदा आवाज चढला, एकदा भिजल्यासारखा झाला. पंख्याच्या घरघरीत शब्द कळत नव्हते. ती कोणाबद्दल बोलत होती, सेक्टरबद्दल, कुम्हारीबद्दल, की त्यांच्याबद्दल, काही समजत नव्हतं. पंखा बंद केला असता तर ऐकू आलं असतं. बटण हाताच्या अंतरावर होतं.

मारोतराव उठले, आवाज न करता चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसले. तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. वरच्या मजल्यावरचं कोणीतरी ओल्या कपड्यांची बादली घेऊन त्यांच्या बाजूने उतरलं. त्यांनी पाय आखडून वाट करून दिली आणि पुन्हा तसेच बसून राहिले.